‘घोट्याचे संपूर्ण संरक्षण’ म्हणून विकलेल्या बास्केटबॉल बुटांबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय : हाय-टॉप बुटांचा सदोष सोल आणि दिशाभूल करणारी जाहिरात

महोदय,

आपल्या वेबसाइटवरून मुलीसाठी घेतलेल्या बास्केटबॉल बुटांबद्दल लिहीत आहे. ती नागपुरात शाळेच्या संघातून खेळते. विक्रीच्या पानावर आणि खोक्यावरही ठळक अक्षरांत छापले आहे : ‘उंच कॉलर, घोट्याचे संपूर्ण संरक्षण’.

महिनाभरातच उजव्या बुटाचे पेस्टिंग सुटले. बाहेरच्या कडेला, करंगळीच्या मागे, पाच रुपयांचे नाणे सहज आत जाईल एवढी फट पडली आहे आणि आत वाळून पिवळा पडलेला गोंद दिसतो. नेमकी हीच कड कट मारताना, म्हणजे धावता धावता एकदम दिशा बदलताना, आणि उडी मारून खाली येताना सगळा भार घेते. रिबाउंड, म्हणजे बास्केट हुकून परत आलेला चेंडू, घेऊन खाली येताना मुलीचा तोच पाय मुरगळला. हाड शाबूत आहे, बाहेरच्या बाजूचा लिगामेंट दुखावला आहे.

कस्टमर केअरचे उत्तर आले की बूट सिमेंटच्या कोर्टवर वापरले, सबब वॉरंटी लागू नाही. इकडच्या किती शाळांत लाकडी कोर्ट आहे, हे आपल्याच विक्री विभागाला विचारून पाहा. बूट फक्त इनडोअरसाठी असतील तर तसे खोक्यावर छापायला हवे होते. कुठेही छापलेले नाही. शिवाय सिमेंटवर रबर झिजते हे मलाही कळते. नक्षी झिजली असती तर मी अवाक्षर काढले नसते. पण गोंद सुटणे म्हणजे झीज नव्हे.

आता त्या ‘संपूर्ण संरक्षणा’बद्दल. मुलीच्या फिजिओथेरपिस्टने बूट दोन्ही हातांत धरून पिळून दाखवला, तर तो ओल्या टॉवेलसारखा पिळला गेला. बास्केटबॉलचा बूट मधोमध ताठ हवा, टाच त्यात घट्ट बसायला हवी, सोलचा तळ बाहेरच्या बाजूने रुंद हवा. आपला सोल जाड, मऊ आणि खाली निमुळता. वर नुसती फोमची कॉलर चढवून काय होणार? अमेरिकेत ६२२ कॉलेज खेळाडूंवर झालेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हाय-टॉप (उंच कॉलरच्या) आणि लो-टॉप (घोट्याखालीच संपणाऱ्या) बुटांत घोटा मुरगळण्याच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. २००१ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात तर टाचेत हवेचे कप्पे असलेले बूट घालणाऱ्यांना घोट्याच्या दुखापतीची शक्यता चौपटीहून जास्त दिसली. एका अभ्यासावरून निकाल लावता येत नाही, हे खरे. पण आपण तर तीच हवेची गादी ‘घोट्यासाठी खास’ म्हणून विकत आहात! नाड्यांचा अँकल ब्रेस, म्हणजे घोट्याला बांधायचा आधार, आणि एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम यांचा उपयोग होतो, त्याला पुरावा आहे. ते दोन्ही आम्ही सुरू केले आहे. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची भीती जास्त, त्यामुळे आता ती खोक्यावरच्या मजकुरावर विसंबून कोर्टवर उतरणार नाही.

दुखापत बुटामुळेच झाली असा माझा दावा नाही आणि उपचारांचा खर्चही मी मागत नाही. बुटांचे पूर्ण पैसे परत करावेत, ‘संपूर्ण संरक्षण’ हा मजकूर पानावरून आणि खोक्यावरून काढावा आणि बूट कोणत्या कोर्टसाठी आहेत ते स्पष्ट छापावे, एवढीच मागणी आहे.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन. बिल, खोक्याचे आणि सोलचे फोटो, तसेच कस्टमर केअरचे उत्तर सोबत जोडले आहे.

बदली जोड पाठवू नये, तो स्वीकारला जाणार नाही.

आपली,
एक ग्राहक, नागपूर