शाफ्ट न बदलता गाडी शांत करणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही हात पुसत दुसऱ्या गाडीखाली शिरता, म्हणून हे उघड पत्र. गाडी उंच करून घेणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

लिफ्ट केल्यापासून वेग धरला की बुडाखालून बारीक गुरगुर यायची. जो तो सांगे, बॅलन्सिंग करा, नाहीतर क्रॉस, म्हणजे चाकांकडे जोर नेणाऱ्या लांब शाफ्टच्या टोकाचा सांधा, बदला. तुम्ही एक चक्कर मारलीत आणि म्हणालात, चाकाचा दोष असता तर चाकाच्या एका फेऱ्याला एकच ठोका आला असता. ही थरथर फार बारीक आहे. डिफरन्शियलचं, म्हणजे शाफ्टचा जोर चाकांना देणाऱ्या गिअरचं, प्रमाण चारास एक धरलं तर तेवढ्यात शाफ्टचे चार फेरे होतात, आणि कोनात फिरणारा क्रॉस दर फेऱ्याला दोनदा वेग वाढवतो, दोनदा कमी करतो. म्हणजे आठ ठोके. स्पॅनर हातात घेण्याआधी असा हिशेब मांडणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला.

मग मापं. गाडी जॅकवर नको, चाकांवर आणि सपाट जमिनीवरच हवी, हा तुमचा हट्ट. लोंबकळत्या अ‍ॅक्सलचं माप खोटं. ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणारा डबा) फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची चकती, मागे 4 अंश खाली झुकलेला, शाफ्टचा उतार 14 अंश, पिनियनचं, म्हणजे शाफ्टकडून डिफरन्शियल फिरवणाऱ्या दांड्याचं, तोंड 7 अंश वर. म्हणजे पुढच्या क्रॉसला 10 अंश, मागच्याला 7. लिफ्ट बसवणाऱ्यांनी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली पाचरी घालून पिनियन शाफ्टच्या दिशेने वळवलं होतं. ट्रान्सफर केसकडे डबल कार्डन जॉइंट, म्हणजे दोन क्रॉस शेजारीशेजारी असलेला सांधा, असता तर ते योग्यच. तिथे पिनियनने जवळजवळ सरळ शाफ्टकडे बघायचं असतं. पण दोन्ही टोकांना साधे क्रॉस असतील तर फ्लँज आणि पिनियन समांतर हवेत, फरक फार तर एखाद्या अंशाचा. तरच पहिल्या क्रॉसने केलेली वेगातली चढउतार दुसरा फेडतो. शाफ्टची दोन्ही योकही (क्रॉस धरणारी टोकं) एका रेषेत लागतात. तीही तुम्ही पाहिलीत.

पाचरी निघाल्या, पिनियन फ्लँजला समांतर झालं, आतला सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे बसले, गुरगुर गेली. भाग काढून टाकल्यावर दुरुस्त झालेली गाडी मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

त्याहून मोठे आभार तुमच्या स्पष्ट बोलण्याचे. कोन सारखे झाले तरी 10 अंश हे 10 अंशच, मधला शाफ्ट अजूनही कमी-जास्त वेगाने फिरतो, क्रॉस लवकर झिजणार, ग्रीस वेळेवर मारा, असं तुम्ही बजावलंत. ट्रान्सफर केस खाली उतरवायचा सोपा मार्ग होता, पण पोटाखालची जागा घालवायची तर गाडी उंच केलीच कशाला, हा तुमचा सवाल मला पटला. पुढच्या अ‍ॅक्सलला तर हातच लावू दिला नाहीत. तिथे पिनियन वर फिरवलं की कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि स्टिअरिंग भरकटतं. कॅस्टर सुधारायला जावं तर पिनियन खाली जाऊन शाफ्टचा कोन बिघडतो.

पुढच्या शाफ्टला डबल कार्डन बसवायचं ठरलं की गाडी तुमच्याकडेच आणतो. कोनमापक मात्र मीही एक घेतलाय, तेव्हा तुमची मापं तपासली जातील.

तुमचा आभारी,
उंच गाडीवाला