आधी अर्थिंग, मग कॉम्प्युटर

इंदूर,
२१ जानेवारी २०२४

ती. आई आणि बाबांना,
शि. सा. नमस्कार.

आई, तिळगूळ पोचला. एकही वडी मोडलेली नव्हती. नातवाने निम्म्या त्याच दिवशी संपवल्या, उरलेल्या मी वर फळीवर ठेवल्या आहेत. थंडी आहे, पण उन्हात बसलं की बरं वाटतं. तुझ्या गुडघ्याला पुण्याची हवा मानवते आहे हे ऐकून जिवाला स्वस्थता आली.

बाबा, हे पत्र मुख्यतः तुम्हाला आहे, नातवाच्या नव्या कॉम्प्युटरबद्दल. परवा फोनवर तुम्ही "सहासष्ट हजार? खेळायच्या डब्याला?" एवढंच म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. ते मला लागलं. आपल्या घरात साधा मिक्सर घ्यायचा तरी तुम्ही दहा प्रश्न विचारता, उत्तरं पटली की मगच खिशात हात घालता. या वेळी तुम्ही एकही विचारला नाहीत. म्हणून तुमच्या वतीने मीच ते विचारले असं समजा. महिनाभर वही घेऊन बसले होते. उत्तरं लिहिते आहे, ती नीट वाचा.

पहिला प्रश्न ठरलेला: तयार का नाही घेतला, सुटे भाग आणून घरी का जोडला? आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये आम्ही तीन शनिवार फिरलो. तयार डबेही पाहिले. काचेतून दिसणारे रंगीत दिवे, समोर तीन पंखे, किंमत साठ हजारांच्या आसपास. पण आत कुठला सप्लाय (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), कुठला बोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो) असं विचारलं की उत्तर एकच, "दीदी, सब ब्रँडेड है." नाव मात्र सांगत नव्हते. सुटे भाग घेतले की प्रत्येकाचं खोकं, नंबर आणि वॉरंटी आपल्या हातात राहते. पाच वर्षांनी एक भाग बिघडला तर तेवढाच बदलायचा. लॅपटॉपमध्ये ती सोय फार कमी असते, आणि एवढ्या पैशात एवढ्या ताकदीचा लॅपटॉप मिळतही नाही.

आता तुम्हाला ज्यात खरा रस आहे तिथे येते. सगळ्यात आधी मी सप्लाय ठरवला. दुकानदाराला ते विचित्र वाटलं. लोक आधी ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारं कार्ड विचारतात आणि शेवटी उरलेल्या पैशात एसएमपीएस, म्हणजे हा सप्लाय घेतात. पण २००१ मध्ये दादाच्या बारावीनंतर आपण घेतलेला पहिला कॉम्प्युटर मी विसरलेले नाही. दोन वर्षांनी मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली, आली, आणि डब्यातून फट्‌ आवाज आला. जळका वास रात्रीपर्यंत गेला नव्हता. तुम्ही पोलो ग्राउंडच्या ऑफिसातून आलात, चहा तसाच ठेवून डबा उघडलात आणि सप्लायच्या मोठ्या प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरतो का ते पाहिलंत. पिवळीवर बारा व्होल्ट यायला हवेत, लालवर पाच, हे मला तेव्हा कळलं. मी टॉर्च धरून उभी होते. सप्लाय गेला होताच, जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन गेला. तो कॅबिनेटबरोबर फुकट आलेला होता. वर ४०० वॅट छापलेलं. तुम्ही तो माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "वजन बघ. यात तांबं आहे कुठे?"

म्हणून हिशेब लोडपासून केला, तुम्ही घरच्या वायरिंगचा करता तसाच. प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलं आहे, पूर्ण जोरात तो पंचाहत्तरच्या आसपास जातो. ग्राफिक्स कार्ड १३२ वॅट. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून पन्नास धरले. म्हणजे अडीचशे-दोनशे साठ. सप्लाय घेतला ५५० वॅटचा, एटी प्लस ब्राँझ शिक्क्याचा. तो शिक्का म्हणजे अर्ध्या लोडवर किमान ८५ टक्के कार्यक्षमता, आणि आपला लोड बरोबर अर्ध्याच्या आसपास बसतो. त्यामुळे तो तापत नाही, पंखा हळू फिरतो. ४,३०० रुपये गेले. दुकानदार म्हणाला, "इस कॅबिनेट के साथ तो फ्री आ रहा है, अलग से क्यों ले रहे हो?" मी त्याला तुमचं तांब्याचं वाक्य ऐकवलं. तो हसला आणि मग मात्र जिन्नस चांगला दाखवू लागला.

आई, लाइटबिलाची तुझी काळजी इथेच मिटवते. मॉनिटर धरून खेळताना सव्वातीनशे वॅट लागतात. दोन तासांत पाऊण युनिटसुद्धा होत नाही. आपला गीझर वीस मिनिटांत तेवढी वीज खातो. आणि दोन तासच, हे ठरलेलं आहे. परीक्षेच्या महिन्यात तेही नाही. डोळ्यांचंही ठरवलं आहे, मॉनिटर खिडकीला आडवा ठेवलाय, अंधारात खेळायचं नाही.

प्रोसेसर एएमडी कंपनीचा, रायझन ५ ५६००. सहा कोअर (काम करणारे भाग), बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). बरोबर पंखा येतो, तो वेगळा घ्यावा लागत नाही. ११,८०० ला पडला. इंटेलचा आय३ १२१००एफ त्याहून स्वस्त होता आणि खेळांना तोही पुरतो. दोन दिवस मी त्याच्यावरच होते. पण तो चार कोअरचा आहे. मी शाळेचे व्हिडिओ तयार करते, नातू पुढे प्रोग्रामिंग शिकेन म्हणतो, तिथे सहा कोअर कामी येतील. एक तोटा तुम्हाला सांगायलाच हवा: याचं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची बसायची जागा, एएम४, आता जुनं झालं. २०२२ पासून एएम५ आलं आहे. पण त्याला नव्या पिढीची डीडीआर५ रॅमच लागते आणि बोर्डही महाग, सगळं मिळून बजेट हाताबाहेर जात होतं. जुन्यातलं चांगलं घेतलं. बोर्ड ८,६०० चा, बी५५०. बी४५० घेतला असता तर हजार-दीड हजार वाचले असते, पण साठा जुना असला तर त्यातलं बायोस (बोर्ड सुरू करणारा मूळ प्रोग्राम) हा प्रोसेसर ओळखत नाही, आणि ते अपडेट करायला दुसरा प्रोसेसर आणायचा कुठून?

ग्राफिक्स कार्डावरून मात्र घरात खरी वादावादी झाली. नातवाच्या मित्रांमध्ये एनव्हिडिया कंपनीचं तेच कार्ड. त्याला त्यांचं आरटीएक्स ३०५० हवं होतं. मी एएमडीचं रेडिऑन आरएक्स ६६०० म्हणत होते. दोन्हींत ८ जीबी मेमरी, वीजही जवळपास सारखीच खातात, पण साध्या खेळांत ६६०० स्पष्टपणे वेगवान आहे. प्रकाशकिरणांचे परिणाम दाखवणारी रे ट्रेसिंग एनव्हिडियावर जास्त चांगली चालते हे मी कबूल केलं. मग त्याला विचारलं, तू जे खेळ खेळणार आहेस त्यात ती किती आहे? त्याने स्वतः बसून तपासलं आणि रात्री जेवताना म्हणाला, "आई, ६६०० घेऊ." मला त्या क्षणी फार आनंद झाला. २०,५०० चं कार्ड आहे, सगळ्यात महाग भाग हाच.

याच कार्डापायी एक मोह झाला होता, तोही सांगते. एका दुकानात मागच्या बाजूला बोलावून नऊ हजारांत वापरलेलं मोठं कार्ड दाखवलं. बिल नाही, वॉरंटी नाही. सप्टेंबर २०२२ पर्यंत इथेरियम नावाचं आभासी नाणं मिळवायला लोक अशी कार्डं चोवीस तास चालवत. १५ सप्टेंबरला त्या नाण्याची पद्धतच बदलली, कार्डांचं काम संपलं आणि ती ढिगाने बाजारात आली. त्यातली काही चांगलीही असतात. पण ते कार्ड किती तास तापलं होतं हे कुणीच सांगू शकत नव्हतं. घेतलं नाही. आपल्याकडे प्रत्येक वस्तूचं १८ टक्के जीएसटीसह पक्कं बिल आहे, तुमच्यासारखं फाइलला लावून ठेवलंय.

बाकीचं भराभर. रॅम १६ जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या. दोन्ही वाटांनी माल ये-जा करतो, एका पट्टीत ते होत नाही. ३,४००. डिस्क एक टीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जातीची, ५,२००. मॉनिटर २४ इंची, ८,७००. कीबोर्ड-माउस जुनेच.

कॅबिनेटला ३,७०० दिले आणि दिव्यांचं काचेचं नाकारून समोर जाळी असलेलं घेतलं. आपल्याकडे रात्र कितीही गोड असली, शब-ए-मालवाचं, माळव्यातल्या रात्रीचं, कितीही कौतुक असलं, तरी मेमध्ये दुपारी पारा चाळिशीपार जातो आणि बाहेर रस्त्याचं काम सुरू झालं की पुस्तकांवर बोट उठतं इतकी धूळ येते. आत हवा जायला वाट हवी आणि धूळ अडवायला चाळण हवी. ती काढून नळाखाली धुता येते. दर पंधरा दिवसांनी धुवायचं काम नातवाकडे.

गेल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून आम्ही तो जोडला. प्रोसेसरच्या पोटाला तेराशेवर बारीक पिना असतात. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि नुसता ठेवायचा, तो आपोआप बसतो. दाबायचा नाही. नातवाचे हात थरथरत होते. मी म्हटलं, थांब, श्वास घे. पंख्याचे चार स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे पिळले, तुम्ही गाडीच्या चाकाचे नट आवळता तसे. दुपारी दोनला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, आणि पडदा काळा. अर्धा तास आम्ही रॅम काढली, घातली, वायरी तपासल्या. हा रडकुंडीला आला. मग माझ्या लक्षात आलं: या प्रोसेसरला स्वतःचं चित्र काढता येत नाही, आणि आम्ही मॉनिटरची केबल बोर्डाच्या खाचेत घातली होती. कार्डाच्या खाचेत घातली आणि लगेच चित्र आलं. तो ओरडला, "आजोबांना फोन लाव!" तुम्ही फिरायला गेला होतात.

ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं, ते आता. जोडायच्या आधी मी मागच्या खोलीतल्या प्लगचं अर्थिंग तपासून घेतलं. जुन्या कॉम्प्युटरला हात लावला की झिणझिण्या यायच्या, आठवतं? तुम्ही तेव्हा सांगितलं होतं, सप्लायच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे अर्थ नसलेल्या डब्यावर निम्मं व्होल्टेज तरंगतं. मग तुम्ही दोन रविवार खपून तुळशीवृंदावनामागे खड्डा खणलात, पाइप पुरलात, कोळसा आणि मीठ थर देऊन भरलंत. शेजारचे काका विचारत होते, एवढ्याशा डब्यासाठी? इलेक्ट्रिशियनने तेव्हा मीटर लावला, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दीड व्होल्ट. तो म्हणाला, "भिया, किसने किया है ये? आजकल कोई करता नहीं." मी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही पुण्याला गेल्यापासून दर आठवड्याला तिथे बादलीभर पाणी घालते, उन्हाळ्यात दोनदा घालेन.

आता एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडेच आहे. हॉलमधला आपला इन्व्हर्टर साइन वेव्हचा (घरच्या लाइटसारखी गोल लहर देणारा) आहे की साधा, चौकोनी लहरीचा? नव्या सप्लायमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज एकसारखी ओढायची सोय) आहे, आणि चौकोनी लहरीवर तो कुरकुर करतो किंवा लाइट जाताच बंद पडतो असं वाचलं. साइन वेव्हचा असेल तर मागच्या खोलीपर्यंत लाइन ओढून घेते. नसेल तर कॉम्प्युटरपुरता वेगळा यूपीएस बघावा लागेल, तो किती व्हीएचा, म्हणजे किती क्षमतेचा घ्यायचा तेही सांगा. इन्व्हर्टरची पावती कपाटातल्या हिरव्या फाइलमध्ये नाही, मी दोनदा पाहिलं. कुठे ठेवली आहे ते आठवून फोन करा. नातवालाच करा, लिहून घ्यायला तो पेन्सिल घेऊन बसेल.

आई, रंगपंचमी ३० मार्चला आहे. गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर जाता येणार नाही तुला, पण घरी या. तिकिटं मी काढते.

तुमची,
लेक