धाग्याचा नुसता नंबर पुरत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरी करता येण्याजोग्या हस्तकलांविषयी जो लेख आला, त्यात बॉबिन लेसला जागा दिलेली पाहून फार आनंद झाला. मराठी वृत्तपत्रांत या कलेचा उल्लेख विरळाच, आणि झालाच तर तिची क्रोशेशी गल्लत झालेली असते. आपल्या लेखात ती गल्लत नाही, कृतीही बरोबर दिली आहे. मात्र साहित्याच्या यादीत ‘६० नंबरचा पांढरा धागा’ एवढेच छापले आहे. ही ओळ वाचून कोणी धागा विकत घेतला, तर त्याची लेसची पट्टी आराखड्याबरहुकूम उतरण्याची शक्यता फार कमी आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

क्रोशेत एक सुई आणि एकच अखंड दोरा असतो. आंध्रातील नरसापूरची प्रसिद्ध लेस त्या प्रकारची. बॉबिन लेसमध्ये घट्ट भरलेल्या उशीवर टोचलेला आराखडा पसरतात, टाचण्यांवर धागे अडकवतात आणि प्रत्येक धाग्याचे टोक एकेका लाकडी बॉबिनवर, म्हणजे छोट्या दांडीवर, गुंडाळलेले असते. बॉबिनी जोडीने चालतात. एका वेळी दोन जोड्या, म्हणजे चार धागे हातात घ्यायचे. मधल्या दोघांपैकी डावा उजव्यावरून न्यायचा, नाहीतर प्रत्येक जोडीतला उजवा डाव्यावरून न्यायचा. सगळी बॉबिन लेस या दोनच हालचालींतून उभी राहते. येथे गाठ नाही आणि कापडाचा आधारही नाही. टाचण्या काढल्यावर विणीला जागेवर धरून ठेवणारा एकटा धागाच उरतो आणि म्हणूनच त्याची निवड हा या कलेचा निम्मा भाग आहे, असे मी मानते.

आता त्या ६० नंबराकडे येते. आमच्या इचलकरंजीत सुताचा नंबर पोराटोरांनाही कळतो, पण तो कापसाच्या सुताचा. ८४० यार्डांची एक लडी धरून एका पौंडात जितक्या लड्या बसतात, तो कापसाचा नंबर होय. लिननसाठी हीच मोजणी ३०० यार्डांच्या लडीवर होते. मेट्रिक पद्धतीत एका ग्रॅममध्ये किती मीटर धागा भरतो ते पाहतात. परिणामी, दोनपदरी ६० नंबरचा धागा, ज्याला बाजारात ६०/२ लिहितात, तो कापसाचा असेल तर ग्रॅमला सुमारे ५१ मीटर भरतो, मेट्रिक नंबराचा असेल तर ३० मीटर आणि लिननचा असेल तर जेमतेम १८ मीटर. म्हणजे ६०/२ लिननचा धागा ६०/२ कापसाच्या धाग्याहून दीडपटीपेक्षाही जाड असतो. क्रोशेच्या गुंड्यांवर छापलेला ६० हा आकडा तर व्यापारी आकारक्रम आहे. त्याचा यांपैकी कोणत्याही मोजणीशी थेट संबंध नाही. आराखड्यातील टाचण्यांच्या टिंबांचे अंतर एका विशिष्ट जाडीसाठी आखलेले असते. धागा बारीक पडला तर वीण विरळ, लुळी होते. जाड पडला तर भरीव भाग गच्च होऊन फुगतात आणि जाळीची भोके बुजतात. शिकणारी मात्र आपल्या हातालाच दोष देते आणि उशी माळ्यावर टाकते, हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींच्या बाबतीत मी वारंवार पाहिले आहे.

जाडी आणि लेसचा प्रकार यांचे नाते किती घट्ट आहे, हे युरोपातील परंपरांकडे पाहिले की कळते. सोळाव्या शतकात इटली आणि फ्लँडर्स (आजच्या बेल्जियमकडील भाग) या प्रदेशांत ही कला रुजली. व्हेनिसमध्ये १५५७ साली तिच्या नमुन्यांचे पुस्तक छापले गेले होते. बेल्जियममधील बॅंश येथील लेस इतक्या बारीक धाग्याची की तिला शेकडो बॉबिनी लागतात. याउलट स्लोव्हेनियातील इद्रिया या पाऱ्याच्या खाणीच्या गावी खाणकामगारांच्या घरांतील बायका थोड्याच जोड्यांत अरुंद फीत विणत आणि तीच फिरवत, स्वतःला जोडत नक्षी पूर्ण करत. अशा लेसला बॅंशचा धागा कामाचा नाही. इद्रियाची लेसशाळा १८७६ पासून चालू आहे आणि स्लोव्हेनियाच्या बॉबिन लेसला २०१८ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळाले. फ्रान्समधील शांतिई लेस काळ्या रेशमासाठी ओळखली जाते. इंग्लंडमध्ये जॉन हीथकोट यांनी १८०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यानंतर यंत्राच्या जाळीचा आणि गिरणीच्या स्वस्त सुताचा काळ आला आणि हातविणीच्या लेसमध्येही लिननची जागा हळूहळू कापसाने घेतली.

लिनन जवसाच्या देठातून निघते. आपल्या विदर्भात जवस तेलबियांसाठी पेरतात. ते वाण बुटके आणि फांद्यांचे असते, तर धाग्यासाठी उंच, सरळ वाढणारे वाण लावावे लागते. लिनन ताठ असते, फारसे ताणले जात नाही आणि टाचण्या काढल्यावरही आकार सोडत नाही. तथापि त्यात मधूनच जाड गाठी येतात, त्या डोळ्यांत तेल घालून पाहाव्या लागतात. कापूस मऊ आणि एकसारखा असतो, पण हाताळताना त्याला लव सुटते. पॉलिएस्टरचा शिवणदोरा स्वस्त आणि चकचकीत दिसला तरी नवख्या माणसाने घेऊ नये, कारण तो निसटतो, उसळी खातो आणि वीण घट्ट बसू देत नाही.

राहिला पीळ. धाग्याचे पदर ज्या दिशेने पिळलेले असतात, तिला एस किंवा झेड म्हणतात. धागा उभा धरला असता पिळाची तिरकी रेघ इंग्रजी S च्या मधल्या रेघेसारखी झुकली तर एस, Z च्या रेघेसारखी झुकली तर झेड. शिवणदोऱ्याचा शेवटचा पीळ बहुधा झेड असतो, तर लेससाठी बनवलेल्या अनेक धाग्यांचा एस. काम करताना बॉबिन सतत फिरत असते. तिच्यावर धागा उलट्या बाजूने गुंडाळला, तर पीळ थोडा थोडा उकलत जातो, पदर सुटतात आणि ऐन मध्यावर धागा तुटतो. पीळ ठाऊक नसेल तर गुंडाळण्याची दिशा ठरवायची कशी?

ही कला आपल्या देशाला परकी नाही, हेही नमूद केले पाहिजे. दक्षिण त्रावणकोरमधील नागरकोइल (आता तमिळनाडूत) येथे मिशनरी मार्था मॉल्ट यांनी १८२० च्या दशकात मुलींना उशीवरची लेस शिकवली, आणि त्यांची कन्या एलायझा कॉल्डवेल यांनी ती तिरुनेलवेलीकडील इडयनगुडी येथे नेली. चांगला कापूसही आपल्याकडे आहे. १९७० च्या दशकात कोइमतूर येथे तयार झालेल्या सुविन या वाणाच्या लांब तंतूंपासून १२० नंबरचे आणि त्याहूनही बारीक सूत कातता येते. अडचण एवढीच, की मागाचे सूत कोनवर, किलोच्या हिशेबाने विकले जाते, आणि लेसला हवा तसा घट्ट पीळ त्याला बहुधा नसतो. लव जाळून मर्सराइज केलेले (कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेने चमक आणि बळकटी आणलेले), घट्ट पिळाचे दोनपदरी सूत वीस-पंचवीस ग्रॅमच्या लहान रिळांत मिळाले, तर आम्हाला परदेशी धाग्याची वाट पाहावी लागणार नाही. सूतगिरण्यांनी आणि व्यापाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

आपल्याकडे माझी विनंती अशी की, यापुढे लेसचा आराखडा छापताना धागा कशाचा, नंबर कोणत्या मोजणीचा, पदर किती आणि पीळ कोणता हे नोंदवावे. शिवाय धागा पट्टीवर शेजारी-शेजारी गुंडाळला असता एका सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसतात, हेही द्यावे. शेवटची माहिती सर्वांत उपयोगी, कारण वेष्टन हरवलेल्या रिळाचीही जाडी तिच्या आधारे घरच्या घरी ताडून पाहता येते. मागील लेखातील धाग्याची ही माहिती लेखिकेकडून मिळवून येत्या पुरवणीत प्रसिद्ध केल्यास, ज्यांनी अजून धागा घेतलेला नाही त्यांना तिचा लगेच उपयोग होईल.

आपली विश्वासू,
एक वाचक, इचलकरंजी