पाणी गढूळ झालं की

सहकारनगर, पुणे
१२ जुलै

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

स्मरणिकेसाठी माझ्या फोटोखाली टाकायच्या ओळी मिळाल्या. ‘निवृत्त अभियंता, माजी सैनिक, आदर्श कुटुंबप्रमुख.’ शेवटचं वाचून तुझी वहिनी इतकी हसली की चहा उतू गेला. ‘आदर्श’ काढ. कुटुंबप्रमुख ती आहे, तेव्हा तेही काढ. बाकीच्यात खोटं काही नाही, पण वाचताना वाटतं की या माणसाने दोन-तीन वेगवेगळे धंदे केले. मला विचारशील तर मी जन्मभर एकच काम केलं. ते कुठे सुरू झालं हे मी तुला कधी सांगितल्याचं आठवत नाही. कॉलेजात आपल्या गप्पा बोट क्लब आणि मेसच्या जेवणापलीकडे जायच्याच नाहीत.

१९६१ साली आम्ही नारायण पेठेत नदीच्या अंगाला एका वाड्यात भाड्याने राहायचो. मी चौदा वर्षांचा. पानशेत फुटलं, त्यामागून खडकवासला, आणि मुठेचं पाणी लकडी पुलावरून गेलं. आईने आधी देव घेतले, मग शिवणयंत्राचं डोकं. वडिलांनी पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. पर्वतीच्या बाजूला चालत सुटलो. परत आलो तेव्हा वाड्याची मागची भिंत आणि ते कपाट दोन्ही नव्हतं. किल्ली मात्र वडिलांकडे शेवटपर्यंत होती. पुढे कितीतरी दिवस नळ कोरडे, कारण शहराला पाणी द्यायचं ते खडकवासलाच वाहून गेलेलं. बुजवायला काढलेल्या आडांवर पुन्हा रांगा लागल्या. हे सगळं तू ऐकलेलं आहेस. पुण्यातला माझ्या वयाचा कुठलाही माणूस पूर सांगायला बसला की उठत नाही.

आदल्या रात्रीचं मात्र फारसं कोणी सांगत नाही. खडकीहून बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे सैन्याच्या अभियांत्रिकी दलाचे, जवान पानशेतला गेले होते. धरणाची कामं अर्धवट असतानाच पहिल्या पावसाळ्यात ते भरलेलं. पाणी सोडायच्या मोरीच्या काँक्रीटमध्ये सळई नव्हती. मोरी ढासळली आणि तिच्यावरचा मातीचा बांध बसायला लागला. त्या खचणाऱ्या माथ्यावर, भर पावसात, ते लोक रात्रभर वाळूची पोती रचत होते. धरण काही वाचलं नाही. पण फुटलं ते सकाळी. तेच पाणी रात्री, गाव झोपेत असताना आलं असतं तर हे पत्र लिहायला मी उरलो असतो की नाही, देव जाणे. वडील हे दर वर्षी या तारखेला बोलून दाखवायचे, आणि सैन्यात जायचं माझं तिथेच ठरलं. शौर्य वगैरे डोक्यात नव्हतं. काही तास मिळवून देणारं असं एक काम असतं, एवढं कळलं होतं.

म्हणून तुम्ही सगळे नोकऱ्यांचे अर्ज भरत होतात तेव्हा मी शॉर्ट सर्व्हिस कमिशन घेतलं. मद्रासला कवायत झाली आणि मग पुन्हा पुण्यातच, दापोडीच्या सीएमईत, म्हणजे सैन्याच्या अभियांत्रिकी कॉलेजात. तिथे बेली पूल, म्हणजे सुटे लोखंडी भाग जोडून उभा करायचा पूल, शिकलो. एक पॅनेल दहा फूट लांब, पाच फूट उंच, अडीचशे किलोच्या वर. सहा जणांनी उचलायचं, पिना ठोकायच्या, आणि सगळा सांगाडा रोलरवरून पलीकडच्या काठाकडे ढकलायचा. डिझाइनच्या तासाला झोपणारा मी, त्या पुलाच्या प्रेमात पडलो. त्याची खरी गंमत म्हणजे काम झालं की तो खोलून गाडीत भरायचा. मागे काही ठेवायचं नाही.

१९७१ च्या डिसेंबरात आम्ही पश्चिम सीमेवर शकरगडच्या बाजूला होतो. युद्धाच्या गोष्टी मी सभांमध्ये सांगत नाही, कारण लोकांना रणगाडे हवे असतात आणि माझ्याकडे जमीन आहे. रात्री पोटावर पडून प्रॉडर नावाची सळई मातीत खुपसत जायचं, तीही तिरकी, कारण सरळ खुपसली तर दाब सुरुंगाच्या माथ्यावर येतो. मागच्याने पांढरी फीत अंथरत यायचं. थंडीने बोटं बधिर, आणि मागे रणगाड्यांची इंजिनं घुरघुरताहेत, घाई करा म्हणून. आमच्यापुढे उदाहरण होतं रामा राघोबा राण्यांचं. आमच्याच बॉम्बे सॅपर्सचे, कारवारकडचे. १९४८ च्या एप्रिलात नौशेरा ते राजौरी रस्त्यावर जखमी असूनही ते सुरुंग काढत, आडवी टाकलेली झाडं हटवत रणगाड्यांना वाट करून देत राहिले. परमवीरचक्र मिळालं. पुढे १९९४ साली ते गेले, तेही पुण्यातच. युद्धबंदीनंतर वृत्तपत्रं दुसऱ्या बातम्यांकडे वळली आणि आम्ही आपल्याच बाजूने पेरलेले सुरुंग उपसत बसलो. त्यात माझ्या प्लाटूनमधला एक हवालदार गेला, साताऱ्याकडचा. त्याच्या घरी मी गेलो होतो. त्याबद्दल भेटीत.

पाटबंधारे खात्यातली वर्षं तुला पाठ आहेत. बदल्यांवरून तूच मला चिडवायचास. एकच सांगतो. मातीच्या धरणातून पाणी पाझरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पायथ्याच्या चरीत व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेली आडवी पट्टी, बसवलेला असतो. त्यावरून किती पाणी वाहतंय ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. आकडा थोडा वाढला तर जलाशयाची पातळी बघायची. पण पाणी गढूळ दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी वरिष्ठांना उठवायचं, कारण त्या पाण्याबरोबर धरणाच्या पोटातली माती बाहेर येत असते. मी नव्या पोरांना सांगायचो, आकडा चुकला तर चालेल, रंग चुकवू नका. एका ठिकाणचा चौकीदार तर पाणी काचेच्या ग्लासात धरून कंदिलासमोर बघायचा. माझ्या मते राज्यातल्या उत्तम अभियंत्यांत त्याची गणना व्हायला हवी. त्याला साधं कायमही केलं नाही कोणी.

घराचं म्हणशील तर धरणांच्या वसाहती मी फिरलो, आणि शाळेची नोकरी, दोन मुलं आणि माझी आई तुझ्या वहिनीने इथे सांभाळली. आई शेवटी कोणालाच ओळखेनाशी झाली, तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. मग दुपारची पाळी माझी. ती मला तिचा थोरला भाऊ समजायची आणि माहेरच्या तक्रारी सांगायची. मीही ‘बघतो हं, बोलतो बाबांशी’ म्हणायचो. ती दुपार निभायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता वहिनीची साखर मी रोज वहीत लिहितो. परवा म्हणाली, “मला व्ही-नॉच लावू नका.”

नातीने मध्ये विचारलं, “आजोबा, तुम्ही बांधलेलं काय काय आहे? मॅपवर दाखवा ना.” बसलो दोघं. पूल खोलून नेलेले. सुरुंग काढले तिथे गव्हाची शेतं. धरणं दुसऱ्यांनी बांधलेली, मी नुसती राखलेली. तिला वाटलं मला वाईट वाटलं असेल, म्हणून तिने पटकन विषय बदलला. मला अजिबात वाटलं नव्हतं, पण नातीने आपली समजूत घालावी हे सुख कोण सोडेल? गप्प बसलो, आणि आइस्क्रीम मिळालं.

तब्येत ठीक. सकाळी तळजाईवर चढतो, गुडघा उतरताना बोलतो. नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण हयात असल्याची सही करायची, एवढंच सरकारी काम उरलंय. सोसायटीच्या पुनर्विकासाची समिती मात्र गळ्यात पडली आहे. बिल्डरचा माणूस माती परीक्षणाचा अहवाल माझ्याकडे देताना हल्ली जरा घाम पुसतो.

तुझ्याकडे पाऊस कसा आहे? कोयनेचा विसर्ग वाढला की मी इथे बसून तुमच्या सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी बघत असतो, हे तुला ठाऊक नसेल. २०१९ सारखं दुसऱ्या मजल्यावर बसून ‘बघू, उतरेल’ म्हणत राहू नकोस. सांगितल्याबरोबर निघ आणि सरळ इकडे ये. खोली रिकामीच आहे. नाही तरी श्रावणात या दोघंही. येताना भडंग आण, पण त्याच नेहमीच्या दुकानातलं. मागच्या वेळी आणलंस ते मऊ होतं आणि वहिनी अजून त्यावरून ऐकवते.

तुझा,
नाना