मीठ घालायच्या आधीची वाटी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र दोनदा वाचलं. धाकटा नऊ महिन्यांचा, थोरली साडेतीन वर्षांची, आणि पुढच्या महिन्यापासून वहिनी पुन्हा कामावर. पाकिटातलं खाऊ घालायची वेळ आली की तुम्हा दोघांचं मन खातं, असं लिहिलंस. ते वाईट वाटणं आधी बाजूला ठेव. घरचं ते चांगलं आणि पाकिटातलं ते वाईट, ही वाटणीच चुकीच्या जागी झाली आहे. घरचं पातळ, खारट अन्न बाळाला पुरत नाही, आणि पाकिटातला गोठवलेला मटार उत्तम अन्न आहे. तयार जिन्नस खुशाल आणा, तयार जेवण मात्र रोजचं होऊ देऊ नका, हे माझं मत. आता त्यामागचा हिशेब.

धाकट्याचं पोट लहान आहे. वजनाच्या दर किलोला साधारण ३० ग्रॅम अन्न एका वेळी मावतं. म्हणजे आठ किलोच्या बाळाच्या पोटात फार तर २४० ग्रॅम. बहुतेक बाळं त्याच्या कितीतरी आधी तोंड फिरवतात. अंगावरचं दूध नीट चालू असेल तर ९ ते ११ महिन्यांत वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ३०० किलोकॅलरी मिळायला हव्यात, वर्ष उलटल्यावर सुमारे ५५०. एवढ्याशा पोटात हे बसवायचं तर अन्नाच्या दर ग्रॅममध्ये निदान ०.८ किलोकॅलरी हवी. डाळीचं वरचं पाणी, भाज्यांचं सूप, पेज यांत ती निम्मीही नसते. पोट भरतं, बाळ शांत होतं, आणि वजन मात्र हलत नाही. घरच्या अन्नाची सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती प्रेमापोटीच होते, कारण पातळ अन्न सहज उतरतं.

एक साधं प्रमाण देतो. तांदूळ ६० ग्रॅम, मसूर डाळ ४० ग्रॅम, गाजर १५० ग्रॅम अगदी बारीक चिरून. तांदूळ-डाळ धुऊन सगळं ६०० मिली पाण्यात चढव. उकळी आली की आच मंद कर, झाकण अर्धवट ठेव आणि २५ मिनिटं शिजू दे. अधूनमधून तळापासून ढवळ, कारण डाळ खाली बसते आणि लागते. एकदा लागली की करपट वास सगळ्या भांड्याला येतो, मग वरचं अन्नही बाळ खात नाही. यातून जवळपास ७०० ग्रॅम अन्न होतं, म्हणजे पाच लहान वाट्या. असंच दिलं तर ग्रॅममागे ०.६ किलोकॅलरी भरते. प्रत्येक वाटीत एक छोटा चमचा तेल कालवलं की ती ०.८ च्या पुढे जाते. तेवढ्या एका चमच्याचा फरक आहे.

हे मिक्सरमधून काढू नकोस. शिजलेला भात मिक्सरमध्ये फिरला की चिकट खळ होते, मग ती सैल करायला पाणी घातलं जातं, आणि आपण पुन्हा पातळ अन्नावर येतो. काट्याने किंवा चमच्याच्या पाठीने दाब, मटाराएवढ्या मऊ गाठी राहू देत. चमचा भरून आडवा कर. अन्न ओघळून पडलं तर पातळ, चमच्याला धरून राहिलं आणि मग सावकाश घसरलं तर बरोबर. गाठींचं महत्त्व नुसतं चवीपुरतं नाही. जीभ बाजूला नेऊन घास हिरडीखाली आणायचा, ही हालचाल बाळ याच महिन्यांत शिकतं. दहा महिन्यांपर्यंत ज्यांच्या तोंडी फक्त गुळगुळीत लापशी गेली, ती मुलं पुढे जेवणाला जास्त त्रास देताना आढळतात. गाठ आल्यावर बाळ उबळ काढतं, तोंड लाल होतं, आवाज येतो. ती उबळ म्हणजे घास पुढे ढकलण्याची तालीम. आवाजच बंद झाला, खोकताही येईना, तर ते घुसमटणं. हा फरक घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असायला हवा, आणि घास अडकल्यावर पाठीवर थाप कशी द्यायची हेही तुम्ही दोघं एकदा समोरासमोर शिकून घ्या. अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, मक्याच्या लाह्या, कच्च्या गाजराचे तुकडे थोरलीलाही अजून नकोत. द्राक्षाचे उभे चार भाग कर, आडवे दोन नव्हे. आडवं कापलेलं द्राक्ष गोलच राहतं आणि श्वासनलिकेत बुचासारखं बसतं.

आता मीठ. ब्रिटनमधलं प्रमाण वर्षाच्या आतल्या बाळाला दिवसाला १ ग्रॅमपेक्षा कमी आणि १ ते ३ वर्षांच्या मुलांना २ ग्रॅम असं आहे. दुधात आणि भाज्यांत असलेलं मीठही त्यातच धरायचं. एक सपाट छोटा चमचा मीठ म्हणजे ६ ग्रॅम. घरातल्या सगळ्यांसाठी एक किलो अन्न शिजवून त्यात तेवढंच मीठ घातलं, म्हणजे मोठ्यांना बेताचंच लागेल इतकं, तरी बाळाच्या १५० ग्रॅमच्या वाटीत ०.९ ग्रॅम जातं. एका वाटीत दिवसाचा कोटा संपला. म्हणून बाळासाठी वेगळा स्वयंपाक करू नका. सगळ्यांचाच स्वयंपाक करा, आणि मीठ-तिखट घालायच्या आधी त्याची वाटी काढून ठेवा. यात वेळ वाचतो आणि त्याला घरच्या अन्नाची चवही लागते. जिरं, धणे, लसूण खुशाल घाला, मसाल्यांशी बाळाचं वैर नाही. साखर-गूळही नको. आणि मध वर्षाच्या आत बोटावरसुद्धा नको. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम जंतूचे बीजाणू असू शकतात, बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. घरच्या शिजवण्याने ते मरत नाहीत, त्यामुळे लापशीत शिजवलेला मधही चालत नाही.

लोहाच्या बाबतीत मात्र घरचं अन्न कमी पडतं, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. जन्माच्या वेळचा साठा सहा महिन्यांच्या आसपास उतरणीला लागतो. अमेरिकेत ७ ते १२ महिन्यांसाठी दिवसाला ११ मिलिग्रॅम धरतात, १ ते ३ वर्षांसाठी ७. वरच्या अख्ख्या भांड्यातल्या डाळीत लोह जेमतेम ३ मिलिग्रॅम, ते पाच वाट्यांत वाटलं जातं, आणि वनस्पतीतलं लोह शरीर नीट शोषतही नाही. मांस, मासे, अंडी चालत असतील तर आठवड्यातून चार-पाच दिवस तरी द्या. डाळीच्या वाटीत टोमॅटो शिजवा किंवा वरून लिंबू पिळा, क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. आणि बाळासाठीचं लोहयुक्त, बिनसाखरेचं तयार धान्यपीठ मिळालं तर संकोच न करता घ्या. इथे पाकीट घरच्यापेक्षा सरस आहे. दूध मात्र वर्षानंतरही दिवसाला अर्ध्या लिटरच्या पुढे नेऊ नका. जास्त दुधाने भूक मरते आणि लोह आणखी घटतं.

तू बाळांसाठीच्या वाटलेल्या फळ-भाजीच्या ज्या चोखायच्या पाऊचबद्दल विचारलंस, ते एक वाटीत पिळून बघ. रंग एकसारखा, एकही गाठ नाही. वर नाव पालक-मटाराचं, आणि चव बहुतेक वेळा सफरचंदाची. मागची यादी वाच. जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिलं नाव सफरचंद किंवा नासपती असेल तर ते फळच आहे, भाजी नावापुरती. फळ इतकं बारीक वाटलं की पेशी फुटून आतली साखर मोकळी होते, म्हणून ब्रिटनमध्ये ती ज्यूसमधल्या साखरेसारखीच मोजतात. ‘साखर घातलेली नाही’ हे वाक्य खरं असतं, पण त्याचा अर्थ कमी साखर असा नाही. फळरसाचा अर्क, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन ही नावं दिसली तर पाकीट परत फळीवर. शिवाय तोटी तोंडात गेली की जीभ फक्त चोखते, आणि गोड थर पुढच्या दातांवर राहतो. प्रवासात द्यावाच लागला तर वाटीत काढून चमच्याने दे. एरवी पिकलं केळं कुसकरून दिलेलं त्याच्यापेक्षा चांगलं, आणि त्याला वेळही लागत नाही.

थोरलीच्या पाकिटांना दोनच आकडे पुरतात, दोन्ही १०० ग्रॅममागे. साखर ५ ग्रॅमपर्यंत कमी, २२.५ च्या वर जास्त. मीठ ०.३ ग्रॅमपर्यंत कमी, १.५ च्या वर जास्त. फक्त सोडियम लिहिलं असेल तर अडीचने गुण, म्हणजे मीठ कळेल. डब्यातले उकडलेले घेवडे पाणी ओतून नळाखाली धुतले की सोडियम सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं. २०१९ मध्ये संशोधक केव्हिन हॉल यांनी अमेरिकेत वीस प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. साखर, मीठ, तंतू दोन्हीकडे सारखेच ठेवले होते, तरी पाकिटातल्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. प्रयोग मोठ्यांवरचा आहे, पण मऊ, न चावता उतरणारं अन्न पोट भरल्याची जाणीव व्हायच्या आत संपतं, ही गोष्ट मुलांच्या ताटातही दिसते.

थोरली भाजी थुंकते, हे या वयात होतंच. नव्या पदार्थाची धास्ती दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असते, आणि एखादी भाजी पसंत पडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. बहुतेक घरं तिसऱ्या-चौथ्या वेळी हार मानून दुसरं काहीतरी करून देतात, आणि मूल पक्कं शिकतं की थुंकलं की हवं ते मिळतं. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची विभागणी मला फार पटते. काय, कधी आणि कुठे हे आईबापांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. ताटात एक तरी ओळखीचा पदार्थ ठेव, बाजूला एक चमचा नवी भाजी. आग्रह नको, लाच नको, आणि खाल्ली तर टाळ्याही नकोत. ‘भाजी संपव, मग गोड’ म्हटलं की गोडाचा भाव वाढतो आणि भाजी शिक्षा होते. दोन खाण्यांत दोन-अडीच तासांचं अंतर ठेव. मध्ये बिस्किटं आणि ज्यूस चालू असतील तर कुठलाच स्वयंपाक चालणार नाही.

राहिला वेळ. आठवड्यातून एकदा वरचं प्रमाण दुप्पट कर. शिजल्यावर भांड्यातच निवत ठेवू नकोस, पसरट ताटात काढ म्हणजे लवकर थंड होईल, आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाक. भाताची ही खास काळजी आहे. त्यातल्या बॅसिलस सेरिअस जंतूचे बीजाणू शिजूनही टिकतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उद्याचं फ्रिजमध्ये, बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये, साधारण ३० मिली एका खणात. गोठल्यावर तुकडे पिशवीत भर, तारीख लिही, उणे १८ अंशांवर महिनाभर वापर. एका जेवणाला चार-पाच तुकडे. मध्यभागापर्यंत वाफ येईल असं एकदाच गरम कर, मग निवव. मायक्रोवेव्ह वापरलास तर मध्ये एकदा ढवळ, कारण कडा भाजतात आणि मधला भाग गारच राहतो. तेल आणि लिंबू गरम केल्यानंतर घाल. बाळाच्या तोंडातला चमचा ज्या वाटीत गेला त्या वाटीतलं उरलेलं टाकून दे, लाळेने ते लवकर बिघडतं. म्हणून आधी अर्धीच वाटी वाढ, मागितलं तर पुन्हा दे.

थोरलीच्या पाकिटांच्या मागच्या याद्यांचे फोटो काढून पाठव, एकेक बघून सांगतो. वहिनींना नमस्कार, मुलांना खूप आशीर्वाद.

तुझा,
जुना मित्र