बंबाखाली शेगडी नको

चि. बायो हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या आंघोळीचं पाणी तापवायच्या बंबाचे फोटो बघितले. खालची जाळी काढून तिथे गॅसची शेगडी बसवायचा जावईबापूंचा बेत तेवढा रद्द करा. सासूबाईंना धूर सोसत नाही आणि सकाळच्या घाईत सोडणं, म्हणजे नारळाची सालं, फोडायला कुणाला सवड नाही, हे पटतं. पण इंधन बदलायचं तर यंत्रच वेगळं घ्या. बंब घडवलेला असतो तो लाकडाच्या जाळासाठी.

बंबाच्या मधून जाणारं नळकांडं रुंद आणि सरळ असतं. लाकडाची ज्योत लांब, ती त्याला चाटत वर जाते आणि खालचे निखारे मागाहून बराच वेळ धग देतात. शेगडीची ज्योत दोन बोटांची. तिची ऊब वरच्या ओढीने धुराड्यातून निघून जाते. पाणी कोमट आणि सिलिंडर रिकामा. नुसता गॅस वाया गेला असता तर एक वेळ चाललं असतं. पण गॅस जळताना वाफ होते, ती गार तांब्यावर निवते आणि थेंब बर्नरवर पडतात, सोबत जुनी काजळीही. ज्योत विझली तरी बाहेरून कळत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, तो वर न जाता राखेच्या खणात आणि न्हाणीच्या फरशीवर साचतो. मग कुणीतरी काडी ओढतं. गॅसच्या गिझरमध्ये ज्योत गेली की गॅस आपोआप बंद होतो, साध्या शेगडीत ती सोय नसते. बंबात विजेचा रॉड सोडायची अक्कलही कुणीतरी देईल. सगळं अंग तांब्याचं, तोटीवर ओला हात, आणि रॉडची नळी कधी चिरेल याचा नेम नाही. ते तर मुळीच नको.

आता हिशेब बघ. विहिरीचं पाणी साधारण २७ अंश, अंगावर घ्यायला ४० पुरे. २० लिटरची बादली १३ अंश तापवायला २६० किलोकॅलरी लागतात. पाच माणसांच्या पाच बादल्यांना १३००, म्हणजे विजेचं दीड युनिट. थोडं वाया जाणारं धरून गॅस रोज दीडशे ग्रॅम, १४.२ किलोचा सिलिंडर तीन महिने चालेल. विजेवर महिन्याला पन्नासच्या आसपास युनिटं. बंबात जळणाची जेमतेम तिसरा हिस्सा ऊब पाण्यात उतरते, तरीही सव्वा ते दीड किलो सुकं जळण पुरतं, म्हणजे सहा-सात सोडणं. वाडीत पंचवीस माड असताना ती विकत कोण आणतंय! तेव्हा पैशांसाठी बंब काढायचं कारण नाही. काढायचाच तर धुरासाठी आणि वेळेसाठी.

गॅसचा गिझर तुमच्याकडे लगेच चालणार नाही, कारण टाकी. फोटोवरून तिचा तळ जमिनीपासून अडीच मीटरवर दिसतो. गिझर दीड मीटरवर लागणार, म्हणजे वर पाणी एकच मीटर. त्याने ०.१ बार दाब मिळतो, आणि बहुतेक गिझर ०.२ ते ०.३ बार असल्याशिवाय पेटत नाहीत. नुसतं टकटक होत राहतं आणि माणूस सेल बदलत बसतो. टाकी आणखी दोन मीटर उचलायची तर नवा चौथरा बांधावा लागेल. पंप लावला तर तो विजेवरच, मग गॅसचा फायदा तो काय उरला? पुढेमागे टाकी उंच केलीतच तर गिझर न्हाणीत बसवू नका, मागच्या पडवीत उघड्या हवेला बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ न्या. बंद न्हाणीत हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आंघोळीला गेलेला माणूस आतच कोसळतो. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायचीच, चांगली दिसली तरी.

सौर हीटरचा विचार सोडून दे. घरावर दिवसभर माडांची सावली, छप्पर कौलारू. १०० लिटरची टाकी भरली की सांगाड्यासकट दीडशे किलोच्या वर जाते, जुन्या वाशांवर ती ठेवायची नाही. वरून नारळ, वानरं, आणि जून ते सप्टेंबर ऊनच नाही.

उरली वीज, आणि माझं मत तिच्याकडे आहे. २५ लिटरचा, २ किलोवॉटचा साठवणीचा गिझर घ्या. त्याला वरून मोठा दाब लागत नाही. ६० अंशांचं पाणी विसण, म्हणजे गार पाणी, घालून घेतलं तर २५ लिटरमध्ये तीन बादल्या होतात, पुढच्या तीन अर्ध्या तासात. मात्र तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १७० वर येतं म्हणतेस. तेव्हा दोन किलोवॉटचा गिझर जेमतेम अकराशे वॉट देतो आणि अर्ध्या तासाचं काम पाऊण तासाच्या पुढे जातं. गिझर बिघडला असं समजून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. पहाटे लावा, आंघोळी आटोपल्या की बंद करा. दिवसभर चालू ठेवलात तर नुसतं पाणी गरम राखण्यात वीज जाते.

टाकी आतून काचेचा मुलामा दिलेली बघून घ्या, स्टीलची नको. तुमची विहीर खाडीकडची, वैशाखात पाणी मचूळ होतं आणि त्या खारेपणाने स्टीलला बारीक भोकं पडतात. आत मॅग्नेशियमची कांडी असते, ती टाकीऐवजी स्वतः झिजते. दरवर्षी पावसाळ्याआधी काढून बघा, करंगळीहून बारीक झाली असेल तर बदला. पाणी तापताना वरच्या झडपेतून थेंब गळतात, ते बरोबर आहे. तिथे बूच मारायचं नाही.

बंब विकू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे वीज यायला कित्येक दिवस लागले, तेव्हा गिझर भिंतीवरची शोभाच. शिवाय गणपतीत वीस माणसं घरात असली की २५ लिटर कुठे पुरणार? तुमच्या चाळीस लिटरच्या बंबातलं ७० अंशांचं पाणी विसण घालून सहा बादल्यांच्या वर जातं, आणि वरून ओतत राहिलं तर संपत नाही.

पण तो तपासून घे. संध्याकाळी काठोकाठ भर, खाली कोरडा कागद पसर आणि सकाळी बघ. ओलं असेल किंवा तळाच्या सांध्यावर हिरवट ओघळ असतील तर तांबटाकडून झाळून घे. मग रिकामा करून जाळी काढ आणि नळकांड्यात विजेरी सोडून पाणी ओतायच्या तोंडातून आत बघ. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तांबं जळालंय, तिथे डाग देऊन भागत नाही, नळकांडं नवं घालावं लागतं. तोटी गळत असेल तर नुसती तोटी बदल. धुराडं पत्र्याचं आहे, खाऱ्या हवेने आतून कुजतं, बोटाने दाबून बघ. आतली काजळी हिरांच्या केरसुणीला काठी बांधून महिन्याला झाडली आणि धुराड्याचं तोंड पागोळीच्या वर नेलं की निम्मा धूर तिथेच कमी होईल.

जाळ असताना पाण्याची पातळी खाली जाऊ द्यायची नाही. एक बादली काढली की तेवढंच गार पाणी ओत, नाहीतर नळकांड्याचा वरचा भाग कोरडा तापतो आणि सांधा वितळतो. झाकण घट्ट बसवायचं नाही, वाफेला वाट हवी. जाळायला सुरूची लाकडं उत्तम, सोडणं चालतात, काजूची टरफलं मात्र नकोत. त्यातल्या तेलाचा धूर घशाला झोंबतो आणि डांबरासारखा थर धुराड्यात बसतो. राख माडांच्या आळ्यात टाक, पालाश मिळतं. बाहेरून आमसुलाच्या पाण्याने घासलास की लखलखेल.

वायरमनला मृगाच्या आधी बोलाव. गिझरला वेगळी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी (वीज जास्त वाहिली की आपोआप पडणारा खटका) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा खटका). अर्थिंगचा खड्डा स्वतः उभी राहून बघ. जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो, त्यात अर्थिंग धरत नाही. कोळसा-मीठ घालून वैशाखात अधूनमधून पाणी ओतायला लागतं. आणि सॉकेटात अर्थ न्यूट्रलला जोडून काम उरकलेलं दिसलं तर पैसे देऊ नकोस.

सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझी आई