बडोद्याच्या कमाटी बागेतल्या माळीकाकांना

माळीकाका, सप्रेम नमस्कार.

नाव विचारलं तर "माळी म्हणा, पुरे" म्हणालात, म्हणून हे असं जाहीर पत्र.

मामंजींनी कुठूनसा आणलेला गड्डा दांडिया बाजारातल्या आमच्या अंगणात मोरीच्या पाण्यावर वाढत होता. ते गेले आणि या पावसाळ्यात त्याला फूल आलं. खेकड्याच्या नांग्या ओवल्यासारखी लालभडक माळ, टोकं पिवळी, खाली लोंबणारी. हे काय आहे ते सांगणारा माणूसच राहिला नव्हता, आणि सासूबाई रोज विचारायच्या.

तसे सांगणारे पुष्कळ आले. एका नर्सरीवाल्याने "केळीची जात, फुलली म्हणजे मेली, उपटून टाका" म्हणत वर दुसरी रोपं गळ्यात मारायला बघितली. एका जाणकार नातेवाइकांनी 'बर्ड ऑफ पॅराडाइज' ठरवून टाकलं आणि पुराव्यादाखल एक नांगी तोडूनच नेली. (ते झाड दक्षिण आफ्रिकेचं, फूल नारिंगी-निळं. असो.)

तुम्ही आलात, चपला दाराबाहेर काढल्यात, झाडापाशी वाकलात आणि हात पुढे करण्याआधी वळून सासूबाईंना विचारलंत, "बा, हाथ अडाडुं?" (आई, हात लावू का?)

काका, मामंजी गेल्यापासून त्या कुणासमोर रडल्या नव्हत्या. तेव्हा रडल्या. झाड त्यांचं आहे, त्यांना विचारायला हवं, हे तोवर कुणाला सुचलंच नव्हतं. मलासुद्धा.

मग एक नांगी बोटाने हलकेच उचलून आतलं बारीक पिवळसर फूल दाखवलंत. लाल दिसतं ते नुसतं आवरण. हेलिकोनिया, मूळचा पेरू-इक्वाडोरकडचा, तिकडे हमिंगबर्ड येतात त्याच्या मधाला. फुललेला दांडा तेवढा संपतो, तो बुडातून कापायचा, बाजूचे फुटवे राहू द्यायचे. "म्हणजे केळीसारखंच की," सासूबाई म्हणाल्या. नर्सरीवाला अर्धा बरोबर होता म्हणायचा!

विद्यापीठाचं गाव आहे आपलं, माहितीवाल्यांना तोटा नाही. दुसऱ्याच्या अंगणात पाहुण्यासारखं वागणारी माणसं मात्र शोधावी लागतात. तुम्ही बागेतल्या झाडांशीही असंच बोलत असाल, असं सासूबाईंचं ठाम मत आहे.

त्यांनी एक फुटवा तुमच्यासाठी कुंडीत लावलाय. सावलीत ठेवलाय, पाणी रोज घालतात. बागेत पोचवू की चहाला याल, तेवढं कळवा. चहाला आलात तर काकूंनाही आणा.

आपली,
दांडिया बाजारातली सून